सात नंबरचा खांब

ठराव एकमताने झाला, हीच मुळात नवलाची गोष्ट. ज्या सभागृहात पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावरून तासतास वाद रंगत, तिथे सगळ्यांनी एकदम हात वर केले होते. पालिकेच्या जुन्या वसाहतीतल्या तिन्ही इमारतींवर आणखी दोन-दोन मजले चढवायचे, म्हणजे घराच्या यादीत वर्षानुवर्षं ताटकळलेल्या बहात्तर कुटुंबांची सोय होईल. रस्त्यापलीकडची नवी शाळा पुढच्या सत्रात उघडायची. आणि मधल्या रस्त्याखालचे सांडपाण्याचे फुटके नळ काढून नवे टाकायचे. ठरावाच्या तळाशी एक अट होती: मजले चढवण्याआधी जुने खांब तो भार पेलतील का, हे तपासून घ्यावं. ती सगळ्यांनी ‘ते काय, होईलच’ अशा थाटात वाचली आणि चहा मागवला.

तपासणीचं काम ठोकबाईकडे आलं.

ठोकबाई पालिकेत कनिष्ठ अभियंता होती. नोकरीला बारा वर्षं झाली होती आणि तिचं खरं नाव एव्हाना फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. कुठेही गेली की बोटाच्या पेराने भिंत ठोकून बघायची तिला खोड. एकदा साहेबांच्या केबिनमध्ये बोलणी खाता खाता तिने मागची भिंत ठोकली आणि “साहेब, इथला गिलावा सुटलाय,” असं सांगून आणखी बोलणी पदरात पाडून घेतली होती.

ही खोड तिला बाबांकडून लागली. बाबांना सगळी वसाहत मुकादम म्हणायची. मधली, ब इमारत त्यांच्याच देखरेखीखाली उभी राहिली होती, चौतीस वर्षांपूर्वी. कामगारांसाठी राखून ठेवलेल्या घरांतलं एक त्यांना मिळालं. वरच्या मजल्यावरचं हवेशीर घर समोर असताना त्यांनी तळमजल्यावरचं कोपऱ्यातलं मागून घेतलं, यावरून आई जन्मभर कुरकुरत राहिली. तिची दुसरी तक्रार पुढच्या खोलीच्या कोपऱ्याबद्दल. राहायला आल्या आल्या बाबांनी तिथे स्वतःच्या हाताने विटांचा एक जाडजूड चौकोनी खुंट रचला होता, जमिनीपासून थेट छताच्या तुळईपर्यंत. ना त्यात कपाट, ना फळी.

“एवढ्याशा खोलीत हा ठोंब्या कशाला?” आई विचारायची.

“असू दे. घराला आधार असतो,” बाबा म्हणायचे.

शेवटी आईने त्याच्यावर कॅलेंडर टांगलं आणि विषय मिटवला. घरात त्याचं नाव ठोंब्याच पडलं. ठोकबाई त्याला टेकून पाढे शिकली, त्याला टेकून इंजिनियरिंगच्या परीक्षांचा अभ्यास केला. पण इंजिनियर झाल्यावरही तिने कधी ठोंब्याकडे इंजिनियरच्या नजरेने पाहिलं नव्हतं. आपल्याच घरातल्या वस्तूंकडे कोण तसं बघतं?

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता घरात बाप-लेक दोघंच. त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, नर्समावशी राहायच्या. वसाहतीतली निम्मी मुलं त्यांच्या हातांवर जन्मलेली, ठोकबाईसुद्धा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा चार महिने, रोज सकाळ-संध्याकाळ, गुडघे दुखत असतानाही जिना उतरून तिची कूस बदलून द्यायला त्याच आल्या होत्या.

सोमवारी सकाळी ठोकबाई मशीन घेऊन ब इमारतीशी आली. नळीसारख्या गोल पात्याचं मशीन होतं. ते खांबात आडवं घातलं की काँक्रीटचा हातभर लांब गाभा बाहेर निघतो. तो प्रयोगशाळेत दाबून बघायचा, किती भाराला फुटतो ते. प्रत्येक इमारतीतले तीन खांब तपासायचे होते. ब इमारतीच्या यादीत दोन, सात आणि पंधरा हे आकडे होते. साहेबांनी ते अंदाजानेच टाकले होते.

दोन नंबरचा गाभा निघाला तो अखंड, गुळगुळीत, एका तुकड्यात. बाबा दारातून येऊन बघत होते. त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्याने चाचपला.

“बघ,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं झाली. एक भोक नाही त्यात.”

पंधरा नंबरचाही तसाच निघाला. मशीनवाल्याने सामान उचललं आणि तो सात नंबरकडे निघाला. हा खांब त्यांच्याच घराच्या कोपऱ्यात होता. त्याची एक बाजू व्हरांड्यात, दुसरी आत, ठोंब्याच्या मागे.

“सात राहू दे,” बाबा म्हणाले. “पाच घे. तिथे सावली आहे, त्या माणसाला ऊन लागणार नाही.”

ठोकबाई हसली. “बाबा, खांब सावली बघून निवडत नाहीत.”

“मग नऊ घे.”

“यादीत सात आहे.”

बाबा आत गेले आणि दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या ते कधी दार लावत नसत. तिच्या ते लक्षात आलं, पण मशीन सुरू झालं होतं.

पहिली चार बोटं पातं नेहमीसारखं करकरत गेलं. मग आवाज बदलला. मशीनला एक हिसका बसला आणि ते पुढे धावलं. मशीनवाल्याचा खांदा खांबावर आपटला. पातं थंड राहावं म्हणून सोडलेलं पाणी इतका वेळ राखाडी होऊन बाहेर येत होतं, ते एकदम लाल झालं. विटेसारखं लाल. आणि मग पाणी बाहेर यायचंच थांबलं. नळ चालू होता, पाणी आत जात होतं, पण बाहेर थेंब नव्हता. खांब पाणी पीत होता.

“बाई,” मशीनवाला दबक्या आवाजात म्हणाला, “असं मी कधी बघितलं नाही.”

पातं मागे घेतल्यावर नळीतून गाभा पडायला हवा होता. पडली ती वाळू, विटांचे तुकडे आणि चिखल. ठोकबाईने भोकात हात घातला. बोटं गेली, तळवा गेला, मनगट गेलं. आत कुठेही टणक काही लागेना. लागलं ते मऊ होतं. तिने ओढलं तेव्हा सुतळी पोत्याचा एक ओला, कुजका तुकडा हातात आला.

त्याच्या कडेला निळ्या दोऱ्याची शिवण होती. दुहेरी टाका, दर चार टाक्यांनी एक गाठ.

ही शिवण ती ओळखत होती. बाबा कामावर कमरेला पोत्याचं फडकं बांधत. पोती उसवू नयेत म्हणून आई त्यांना कडा शिवून देई, नेहमी निळ्या दोऱ्याने, नेहमी अशाच गाठी मारून. तिच्या लहानपणीच्या फ्रॉकच्या दुमडीलाही हीच शिवण असायची.

वर नर्समावशींची नात खोलीभर धावत होती. धप, धप, धप. एरवी त्या आवाजाकडे तिचं लक्षही गेलं नसतं. आता ती प्रत्येक पाऊल मोजत होती.

“बंद करा,” ती मशीनवाल्याला म्हणाली. “सगळं बंद करा, आणि आधी इथून बाजूला व्हा.”

दार ढकलून ती आत गेली तेव्हा बाबा ठोंब्यासमोर स्टुलावर बसले होते. कॅलेंडर काढून त्यांनी मांडीवर घेतलं होतं. तिने तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं,

“किती आत गेलं?”

हा प्रश्न ऐकला आणि ती दारातच थांबली. तोवर मनाच्या एका कोपऱ्यात आशा होती. बाबांना माहीत नसेल, कुणीतरी त्यांच्या मागे केलं असेल.

“मनगटापर्यंत हात गेला, बाबा.”

त्यांनी मान हलवली. “पोतं निघालं असेल.”

तिने तो तुकडा त्यांच्या पुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

“स्लॅबची तारीख ठरली होती,” ते सांगू लागले. “बघायला पाहुणे येणार होते, पत्रिका छापून झालेल्या. आणि ऐन वेळी सिमेंट संपलं. मी ठेकेदाराला म्हटलं, दोन दिवस थांबू. तो म्हणाला, तू खुशाल थांब, घरी जाऊन थांब. साच्याच्या फळ्या लावल्यात ना, मग जे आहे ते कोंब आणि बाहेरून चार बोटं माल मार. तुझ्या आईला नववा महिना होता.”

“म्हणजे माझ्यामुळे—”

“तुझ्यावर ढकलत नाही मी. तो खांब मी भरला. रिकामी पोती संपली तेव्हा कमरेचं फडकं सोडून तेही आत टाकलं.”

“आणि कुणाला सांगितलं नाहीत?”

“सांगणार होतो. लोक राहायला यायच्या आत सांगणार होतो. मग लोक आले. मग ठेकेदार वारला. मग तू शिकलीस, पालिकेत लागलीस, तेव्हा तर जीभच उचलेना.” त्यांनी ठोंब्यावर तळवा ठेवला. “म्हणून खालचं घर मागितलं. म्हणून हा रचला. तुळईखाली पाचर मारून घट्ट बसवलाय. दर वर्षी बघतो मी, पाचर सैल झालीय का.”

ठोकबाईने आयुष्यात पहिल्यांदा ठोंब्याकडे नीट पाहिलं. वरची तुळई खांबावर टेकलेली नव्हतीच. ती विटांवर टेकली होती. इमारतीचा हा अख्खा कोपरा, वरचं घर, त्यातली माणसं, कपाटं, पाण्याच्या टाक्या, सगळं चौतीस वर्षं तिच्या बापाने एकट्याने रचलेल्या विटांवर उभं होतं. आणि विटांच्या सगळ्यात वरच्या थरात एक बारीक तिरकी चीर गेली होती. ती नवी होती.

“ठराव झाला तेव्हा मी घरी येऊन सांगितलं होतं,” ती म्हणाली. “दोन मजले चढणार म्हणून. तुम्ही समोर बसून ऐकलंत. तेव्हाही बोलला नाहीत?”

बाबांनी मांडीवरचं कॅलेंडर गुंडाळलं.

“वाटलं,” ते म्हणाले, “तू सात घेणार नाहीस.”

दुपारी साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं, प्रयोगशाळेने घाईने कळवलेले दोन गाभ्यांचे आकडे वाचले, ठोकबाईने आणलेल्या डबीतला लाल चिखल पाहिला आणि डबीला झाकण लावलं.

“दोन उत्तम, पंधरा उत्तम,” ते म्हणाले. “तिन्हींची सरासरी काढा, नियमात बसेल.”

“साहेब, सातचा आकडाच नाही. गाभाच निघाला नाही.”

“मग शून्य धरा. तरी बसेल.”

ते चेष्टा करत असतील म्हणून ती थांबली. ते चेष्टा करत नव्हते.

“बाई, जरा ऐका. कामाचा आदेश गुरुवारी निघाला नाही तर वरून आलेला निधी परत जातो. बहात्तर कुटुंबं यादीत आहेत. तुम्ही त्या खांबाला बाहेरून लोखंडी पट्ट्या मारा, बस. आणि आणखी एक.” त्यांनी खणातून जुनी, पिवळी पडलेली मोजमापाची वही काढली. ती आधीच तिथे काढून ठेवलेली होती. “ब इमारतीचा मुकादम कोण होता, ते इथे लिहिलंय. सही आहे त्याची. विचार केलाय?”

ती बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. खोटं कशाला सांगा, तिने सरासरी काढून पाहिली. खरोखरच बसत होती. तिने ती दोनदा काढली. दुसऱ्यांदा काढताना पेन्सिलचं टोक मोडलं. मग तिने पेनने अहवाल लिहिला: सात नंबरच्या खांबाला गाभा नाही, इमारत तातडीने रिकामी करावी, मजले चढवण्याचा विचारही करू नये. साहेबांकडे परत न जाता ती तडक आवक विभागात गेली आणि तिथे शिक्का मारून घेतला. शिक्का पडलेला कागद खणात घालून ठेवता येत नाही, एवढं तिला बारा वर्षांत कळलं होतं.

त्याच संध्याकाळी व्हरांड्यात लोखंडी टेकू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी पालिकेने ब इमारतीतल्या सगळ्यांना रस्त्यापलीकडच्या नव्या शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. शाळेला रंगाचा वास येत होता. फळ्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. बांधकाम समितीच्या सभापतींनी नोटीस वाचून दाखवली: दोन दिवसांत घरं रिकामी करायची, सोय होईपर्यंत चोवीस कुटुंबांनी याच शाळेत राहायचं.

हे मुख्याध्यापिकाबाईंनाही तिथेच कळलं. नऊ वर्षं त्यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्ग एकमेकांकडे पाठ करून बसवले होते. त्या उभ्या राहिल्या.

“माझी मुलं अजून एकदाही या बाकांवर बसलेली नाहीत,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. “दोन सत्रं. वर एक दिवस नाही. आणि भिंतींना खिळे मारायचे नाहीत.”

तेवढ्यात हॉल पेटला. हा सगळा बनाव आहे, कुणी ओरडलं. इमारत लाटायची आहे. दुसरा म्हणाला, खांब चांगला होता, यांच्या मशीननेच फोडला. तिसऱ्याने बोट ठोकबाईकडे केलं, “हिलाच विचारा, बापाला नवं घर हवंय का म्हणून!”

मागच्या रांगेतून बाबा उठले. कधी नव्हे ते त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“मशीनने फोडला नाही,” ते म्हणाले. “तो पोकळच होता. मी भरला होता तसा.”

कुणाचा विश्वासच बसला नाही. नर्समावशी तर हसल्याच. “मुकादम, बसा खाली. पोरीला सांभाळून घ्यायला काहीतरीच काय बोलता?”

“मावशी, खरं सांगतोय. विटा, वाळू आणि पोती. छातीच्या उंचीपासून वरपर्यंत. बाहेरून चार बोटं माल. घरात ठोंब्या उगाच नाही रचला. तो काढला तर तुमची खोली खाली येईल.”

नर्समावशींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. त्या रांगांमधून वाट काढत बाबांपर्यंत आल्या. चौतीस वर्षं त्यांनी बाबांना ‘मुकादम, तुम्ही’ असंच म्हटलं होतं.

“माझ्या सुनेची दोन्ही बाळंतपणं त्या खोलीत झाली,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. “माझी नात तिथे रांगली. तुझ्या बायकोची कूस मी चार महिने बदलली, त्याच कोपऱ्यात, आणि तू मला चहा करून द्यायचास. रोज. माझ्या तोंडाकडे बघून द्यायचास. तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही, की मावशी, वर झोपू नका?”

नर्समावशी वळल्या आणि घरी सामान बांधायला गेल्या. त्यांच्या पाठोपाठ एकेक करत सगळा हॉल उठला. कुणी ओरडलं नाही, कुणी अंगावर धावून आलं नाही. ठोकबाईला वाटत होतं, कुणीतरी निदान शिवी द्यावी.

शाळेत एकेका वर्गात तीन-तीन कुटुंबं राहिली. बाप-लेकीच्या वाट्याला आलेल्या वर्गात बाकीच्या दोन घरांनी आपलं सामान दाराशी ओढून घेतलं. मध्ये बाकांची भिंत उभी केली. पहिल्या आठवड्यात पाण्याच्या नळावर बाबा गेले की रांग आपोआप दुसऱ्या नळाकडे सरकायची. ठोकबाईशी लोक बोलत, कामापुरतं. ती स्वतः बाबांशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हती. जेवणाचं ताट वाढून ती त्यांच्या पुढे सरकवायची आणि बाहेर जाऊन बसायची.

दहा दिवसांनी चौकशी अधिकारी आले. त्यांनी बाबांना इमारतीशी बोलावलं आणि विचारलं, कुठले कुठले खांब?

“एकच,” बाबा म्हणाले. “सात.”

“नक्की?”

“देवाशपथ. बाकी सगळे चोख भरलेत. दोन बघा, पंधरा बघा.”

अधिकाऱ्यांनी तरीही वीसच्या वीस खांबांचे गाभे काढायला सांगितले. दिवसभर मशीन चाललं. एक चांगला, तीन चांगला. चार नंबरला पाणी लाल झालं. बाबा उठून उभे राहिले. दहा चांगला. अकराला पाणी लाल झालं. बारालाही. संध्याकाळपर्यंत सात धरून सहा खांब पोकळ निघाले होते आणि प्रत्येकासमोर विटांच्या तुकड्यांचा एकेक ढीग पडला होता.

बाबा एका ढिगाकडून दुसऱ्याकडे जात होते. वाकून तुकडे उचलत, बघत, खाली ठेवत.

“अकरा मी नाही भरला,” ते म्हणाले. “अकरा नाही. चारही नाही. हे त्या आठवड्यातले... तू झालीस, मी आठ दिवस घरी होतो. परत आलो तोवर फळ्या काढून गिलावा झाला होता. मला वाटलं, सिमेंट आलं असेल.”

मग त्यांचा चेहरा असा झाला, की ठोकबाई दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याजवळ गेली.

“मजुरांनी माझं बघितलं,” ते म्हणाले. “मुकादमाने सात तसा भरला, कुणी काही बोललं नाही. मग त्यांनीही भरले.”

ते तिथेच विटांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसले. चौतीस वर्षं त्यांनी एका खांबाचं ओझं उरावर बाळगलं होतं, त्याच्याखाली ठोंब्या रचला होता, दर वर्षी पाचर तपासली होती. बाकीच्या पाचांच्या खाली काहीच नव्हतं. आतल्या भिंतींनी भार वाटून घेतला, म्हणून ती घरं उभी राहिली होती, एवढंच. ठोकबाईने मान वर करून इमारतीकडे पाहिलं. रिकाम्या गॅलऱ्या, दोऱ्यांवर विसरलेले चिमटे. या छपराखाली ती चौतीस वर्षं बिनघोर झोपली होती, आणि इंजिनियर होऊन बारा वर्षं झोपली होती. तिने बाबांना हात देऊन उठवलं. माफ केलं म्हणून नाही. ते स्वतःहून उठू शकत नव्हते म्हणून.

पुढचं सगळं हळूहळू झालं, पालिकेत होतं तसं. मजले चढवण्याचा ठराव रद्द झाला. निधी परत जायचा तो, वरच्या कचेरीत खेटे घालून, अडवण्यात आला. ब इमारत पाडून मागच्या मोकळ्या जागेत नवी बांधायचं ठरलं, यादीतल्या कुटुंबांसकट. साहेबांची बदली झाली. बाबांवर गुन्हा दाखल झाला, वयामुळे जामीन मिळाला, आणि तारखा पडत राहिल्या. शाळेची दोन सत्रं तीनवर गेली. मुख्याध्यापिकाबाई रोज सकाळी फाटकाशी येऊन किती दिवस झाले ते मोठ्याने सांगायच्या आणि आपल्या शेडकडे जायच्या.

नव्या बांधकामावर नजर ठेवायला रहिवाशांची समिती नेमा, असं पालिकेने कळवलं. नर्समावशी तिच्या अध्यक्ष झाल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, मुकादमाला समितीत घ्या.

वर्गात गलका झाला. ठोकबाई पालिकेच्या बाजूने बसली होती. तिलाही आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं.

“मी त्याला माफबिफ केलेलं नाही,” नर्समावशी म्हणाल्या. “करणारही नाही. पण फसवतात कसं, ते तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे? त्याला आहे. बसू दे उन्हात.”

तेव्हापासून बाबा रोज सकाळी कामावर जाऊ लागले. कुणी खुर्ची दिली नाही. ते फळ्यांच्या ढिगावर बसत. सळया मोजत, त्यांच्याभोवतीच्या रिंगांमधलं अंतर वितीने बघत. चुकलं तर मजुरांना न सांगता नर्समावशींना जाऊन सांगत. त्या पुढे भांडायच्या.

पहिले खांब भरायच्या दिवशी कालवलेल्या काँक्रीटची गाडी आली. वाटेत उशीर झाल्याने माल घट्ट झाला होता. ड्रायव्हरने कुणाचं लक्ष नाहीसं पाहून गाडीच्या पिंपात पाण्याचा पाइप सोडला. असं वरून पाणी घातलेला माल कच्चा राहतो. बाबांनी ते पाहिलं. ते उठले, गाडीपुढे जाऊन उभे राहिले.

“परत ने,” ते म्हणाले.

“तू कोण रे म्हाताऱ्या?”

बाबा गाडीपुढून हलले नाहीत. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. नर्समावशी काठी टेकत आल्या.

“परत ने म्हणाला ना तो?” त्यांनी विचारलं. “ऐकू येत नाही?”

ठोकबाईने तपासणीच्या कागदावर गाडीचा नंबर लिहिला, पुढे ‘नाकारली’ असं लिहून सही केली. गाडी शिव्या घालत मागे वळली. मजूर फळ्यांशी हात बांधून उभे राहिले. कुणालाच घाई करता येईना. बाबा मोकळ्या सळयांच्या पिंजऱ्याशेजारी उन्हात उभे होते. ठोकबाई पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी अर्धी प्यायली आणि उरलेली तिला परत दिली.

दुसरी गाडी चारच्या सुमाराला आली. माल चांगला होता. त्या दिवशी चार खांब भरून झाले.